न घेतलेला घोट

शरणपूर, नाशिक
सोमवार, २ एप्रिल १९७९

चि. शांतवन यास,
ताईचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. सत्त्वशीलेला आणि मुलांना आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, पण वेदीपाशी टेकण्यापुरते शाबूत आहेत. निवृत्त झालेल्या नर्सबाईंना उद्योग नाही म्हणून चर्चच्या मंडळीने मला कमिटीवर घेतले आणि आता सगळे पस्तावले आहेत.

कमिटीत काय झाले ते तुला कळवलेच होते. भागीबाई पंचवटीहून पूल ओलांडून उपासनेला येऊ लागली. कुष्ठरोगातून बरी झालेली, हाताची बोटे आखडलेली. प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा सगळ्यांना एकच प्याला, म्हणून काहीजण बिचकले. ज्याला त्याला वेगळा ग्लास द्या, म्हणाले. मी उठले. तीस वर्षे नर्स होते, बरा झालेला रोग कुणाला लागत नाही, प्याला एकच राहील, असे ठणकावून सांगितले. एकच राहिला. तू लगेच लिहिलेस की ताई, तुझा अभिमान वाटतो. ते वाचल्यावर माझा हात उत्तराकडे वळेना.

शांतवन, त्याच्या पुढच्याच रविवारी भागीबाई माझ्या शेजारी गुडघे टेकून होती. तिच्यानंतर प्याला माझ्याकडे आला. मी तो तोंडाला लावला, मान मागे केली आणि ओठ मिटून ठेवले. प्याला देणाऱ्या पाळकसाहेबांना कळले नाही. का केलेस विचारशील, तर मला किळस आली. नर्सिंगमध्ये शिकलेले सगळे आठवत होते, तरी आली.

त्यानंतर दोन रविवार भागीबाई आली नाही. काल दुपारी मी तिच्या घरी गेले. ती उंबऱ्याबाहेर पोत्यावर बसली होती. आत वर्षाची नात रडत होती आणि ही जागची हलेना.

"उचला की तिला," मी म्हटले.

"नको बाई. त्या दिशी तुमी घोट घेतला नाय, म्या बगितलं. म्हनलं, डाक्टर खोटं बोलला आसंल, पन नर्सबाईला खरं ठावं. रोग हाय अजून अंगात. तवापासून पोरीला शिवले नाय."

तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर परवडले असते. मी पोत्याच्या कडेला बसले आणि म्हटले, "रोग नाही. तुम्ही बऱ्या आहात. मीच घाबरट निघाले."

तिने विचारले, "मंग तवाचं खरं, का आत्ताचं?"

"आत्ताचं."

"रइवारी बगू. आधी मी पिनार, मंग तुमी. आन मी बगनार हाय. पोरीला त्याच्यानंतर घेईन."

तर येत्या रविवारी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या सणाला, मी तिच्यानंतर पिणार आहे. किळस आली तरी गिळणार. किळस जाईपर्यंत वाट बघत बसले तर ते लेकरू आजीच्या मांडीवाचून मोठे होईल. मग उभी राहून मंडळीलाही सारे सांगणार. काय बोलायचे ते बोलू देत, मी ऐकून घेईन.

माझ्या धीरासाठी प्रार्थना नको, तो माझ्यापाशी आहे. भागीबाईचा माझ्यावर विश्वास बसावा, एवढी मात्र कर.

भागीबाईच्या शेजारी गुडघे टेकणारी,
तुझी ताई,
सालोमी