इंदूमावशीनंतरचा कायदा

उधना, सुरत
५ ऑगस्ट २०२४

ती. कलामावशीस,
धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

गायत्रीच्या पप्पांनी माझा फोन भिंतीवर आपटून फोडला, म्हणून कागदावर लिहिते. शेजारच्या सरलाबाई अमळनेरला येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. काकांचा चहा कमी झाला का, की अजून चोरून पितात?

मला दिवस गेलेत, दुसरा महिना आहे. परवा त्यांनी केसांना धरून माझं तोंड ओट्यावर आपटलं. भुवईला टाके पडले. गायत्री समोर उभी होती. या घरात आणखी लेकरू आणायचं नाही, असं मी ठरवलंय. पण त्यांना मुलगा हवाय, आणि खाजगी दवाखान्यात म्हणाले, नवऱ्याची सही आण. काय करू?

तुझ्या मायेची,
धनश्री


अमळनेर
९ ऑगस्ट

चि. धनश्रीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

काकांचं राहू दे. पोट पाडायला नवऱ्याची सही लागत नाही. इथल्या नर्सबाईंना विचारून आले. डॉक्टरांना कारण पटलं की सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. एकाहत्तर सालचा कायदा आहे.

तुझी इंदूमावशी त्याआधी गेली. तिचाही नवरा तुझ्या गजेंद्रसारखाच मारायचा. तिसरं पोर नको म्हणून सुईणीकडे गेली. सुईणीने काडी घातली. रक्त गोधडीतून जमिनीवर उतरलं. मी नऊ वर्षांची होते. ती जमीन मीच सारवली. पोलीस आले ते फक्त गुन्हा कोणाचा हे विचारायला.

तू सरकारी दवाखान्यात जा. सरलाबाईंना सोबत ने.

तुझी काळजी वाहणारी,
मावशी


उधना
३० ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न.

डाव्या हाताने लिहिते, अक्षर सांभाळून घे. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच सहीवर मोकळं केलं.

पुढच्या आठवड्यात गजेंद्रने पोटातल्या बाळाचं विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं. त्याने लोखंडी सळई उचलली. मनगट मोडलं, दोन बरगड्या गेल्या. गायत्री ओरडत सरलाबाईंकडे पळाली, तशी त्याने आतून कडी घातली. चाळीतल्या बायकांनी दार तोडलं. सरलाबाईंनी त्याच्या पाठीत पाट घातला तेव्हा कुठे सळई सुटली.

चौकीत तो म्हणत होता, हिने माझा मुलगा मारला, हिला आत टाका. मी घाबरले. फौजदारबाईंनी दवाखान्यात फोन लावला, मग त्याला म्हणाल्या, तिने केलं ते कायद्याने केलं, आता तू काय केलंस ते लिहून घेते.

तो आत आहे. जामीन मिळाला की येईलच. मी गावी येत नाही; गायत्रीची शाळा इथे आहे. बायकांनी माझ्या दाराबाहेर खाट टाकलीय, राखणीच्या पाळ्या लावल्यात. आज सरलाबाई आहेत. पाट घेऊनच बसल्यात.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धनश्री