हजार हात आणि एक परात

४ एप्रिल, सकाळ
ठरलं. यंदा द्वारकाबाईचं नाक कापायचं. मागल्या सालच्या सप्ताहात काल्याच्या पंगतीत करपलेली पोळी वर धरून सगळ्यांदेखत म्हणाली, ही दैवशालाची दिसती. बाया खीखी हसल्या. थोरली जाऊ असली म्हणून काय झालं? पोळी माझीच होती. पण तो तवा खराब होता.

५ एप्रिल
सुनबाई मीना पुण्याच्या कंपनीचं काम घरून करती. तिच्या कॉम्प्युटरचा पंखा सारखा घोंघावतो. विचारलं, काय शिजून राह्यलं त्यात? म्हणली, मामी (सासूला ती मामीच म्हणती), आकड्यांचे मोठमोठे तक्ते एकमेकाशी गुणायचेत. एकानं केलं तर महिना जाईल. ह्या कॉम्प्युटरात एक कार्ड हाय, त्यात हजारो बारके हात हाईत. एकेक हात एकेक खाना भरतो, समदे एकदम, कुणी कुणासाठी थांबत न्हाई.
माझी ट्यूब पेटली. मीना पुढं काहीतरी पण-पण करून राह्यल्ती. मला टाईम न्हाई. समजलं म्हणजे समजलं.

७ एप्रिल
सप्ताहाचे कारभारी साहेबराव, त्यांना गाठलं. द्वारकाबाई दरसाल घरोघर पीठ वाटती, मंग घरोघरून पोळ्या गोळा करती. काय ही जुनाट पद्धत! यंदा समद्या बाया देवळामागं एका मांडवात. आपला तवा, आपलं लाटणं, एकदम सुरू. साहेबराव म्हणले, बघा बुवा. म्हणजे हो.
शिवाय एका ढिगात कुणाची पोळी कोणती, कळत न्हाई. हे आपलं असंच लिहिलं.

९ एप्रिल
द्वारकाबाईनं आडवं विचारलंच. कणीक किती ठिकाणी मळणार गं? म्हणलं, एकाच. परात गाडीच्या चाकाएवढी आणलीय. मान हलवत गेली. जळती. जळू दे.

१२ एप्रिल, दुपार
परातीपाशी रांग. बाया ढीगभर, परात एक. तवे तापून लाल, गोळा काही येईना. साळूबाई गोळा घेऊन चुलीपर्यंत पोचली तर तव्यातून धूर. टाकली पोळी की काळी. तिकडं कीर्तन संपलं, माणसं पानावर बसली.
द्वारकाबाई उठली. पोती सोडली, बायांना पीठ देऊन घरोघर धाडलं. बघता बघता दुरड्या भरून आल्या. मऊ, पांढऱ्या.
मीना म्हणली, मामी, तेच सांगत होते. नुसते हात वाढवून काय होतंय? ज्याचा माल त्याच्या हाताजवळ आधी नेऊन ठेवावा लागतो. मोठ्या मामी दरसाल करतात तसंच आमचं कार्ड चालतं.
हिला बी आत्ताच बोलायचं सुचलं!

१२ एप्रिल, सांज
द्वारकाबाईनं मांडवातली दुरडी साऱ्या पंगतीत फिरवली. वरून खालपर्यंत काळी. म्हणली, मागल्या साली एक होती, यंदा समद्या दैवशालाच्या.
खोटारडी. माझ्या त्यात दोनच होत्या.