तिसरा सूर

ता. ३ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी पुटपुटते असं तुम्ही म्हणता, म्हणून हे पत्र. तुम्ही दिलेली बास गिटार मजेत आहे. पण तिच्या मानेवर सतारीसारखे पडदे नाहीत, त्यामुळे तारा थेट लाकडावर घासतात आणि मानेवर बारीक चरे पडू लागलेत. आमचा ड्रमवाला म्हणतो, आहेत त्या गोल गुंडाळीच्या ताराच ठेव, त्यांना झळाळी असते. इथला तारांचा दुकानदार म्हणतो, सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड घ्या, लाकूड वाचेल. दोघंही छातीठोकपणे बोलतात. मैत्रिणीच्या अशाच बिनपडद्याच्या बासवर फ्लॅटवाउंड आहेत. म्हणून एकच चाल दोन्हींवर वाजवून पेनड्राइव्हवर पाठवतेय, आधी गोल, मग सपाट. तुमचा कान सांगेल ते मला मान्य.

मामींना नमस्कार. प्रश्न फार विचारते म्हणून माया आटू देऊ नका.
तुमची ढमी

ता. १० मार्च

चि. ढमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा धांदरटपणा काही गेला नाही! दोन्ही वेळा एकच बास वाजवलीस. तारांच्या आवाजात तसूभर फरक नाही. एवढंच, की दुसऱ्या खेपेला वर चढतानाचा तिसरा सूर केसभर उतरलाय. बोट जरा पुढे सरकव. तुझी मामी म्हणे, पहिल्यात कुणीतरी खराट्याने फरशी झाडतंय. तिला वाद्यातलं काय कळतंय!

माझ्या दुकानात दुरुस्तीचं काम भरपूर आहे. व्हायोलिनवाल्या बाई भांडून गेल्या, मी लावलेली वरची तार शिट्टी मारते म्हणून. मी तासभर वाजवून पाहिली, कसली शिट्टी नि कसलं काय. हल्ली लोकांचे कानच बिघडलेत.

पुन्हा नीट वाजवून पाठव.
तुझा मामा

ता. १७ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चूक झालेली नाही, मी दोनदा तपासलं. मामींचा खराटा खरा आहे. गोल गुंडाळीवरून बोट सरकलं की बारीक, उंच खरखर होते. सपाट तारेवर ती होत नाही. तुम्हाला ती ऐकू आली नाही. व्हायोलिनची शिट्टी आली नाही, आणि फोनवर मीही नाही.

मामा, कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन या. खूप रागवा, पण जाऊन या.
तुमची ढमी

ता. २ एप्रिल

चि. ढमीस,
आशीर्वाद.

पंधरा दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही. तुझा फार राग आला होता. शेवटी मामीने हाताला धरून नेलं. काचेच्या खोलीत बसवून, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ दाबलंच नाही. वाटलं, यंत्र बिघडलंय. वरचे आवाज गेलेत माझे, आणि डॉक्टर म्हणतात, जाऊन बरीच वर्षं झाली असावीत.

व्हायोलिनवाल्या बाईंची घरी जाऊन माफी मागितली. लाज वाटते ग. या कानांवर चाळीस वर्षं लोकांनी वाद्यं सोपवली. महिनाअखेरीस दुकान बंद करतोय. तारांचं दुकानदारालाच विचार.
मामा

ता. ९ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फ्लॅटवाउंड लावल्या. खरखर गेली, चरे वाढायचे थांबले. ड्रमवाला दोन दिवस तोंड फुगवून बसला, आता म्हणतो, गाण्याला खालून टेका मिळाला.

दुसरं म्हणजे, तो तिसरा सूर मी सूर तपासायच्या यंत्रावर लावून पाहिला. उतरलेलाच होता. आम्ही पाच जण महिनाभर तेच गाणं बसवतोय, पाचांचेही कान तरणे, एकाच्याही लक्षात आलं नाही. तुम्ही एकदा ऐकून सांगितलंत. वरचं गेलं असेल मामा, खालचं, बासच्या पट्टीतलं, शाबूत आहे.

नव्या तारांचा ताण जास्त आहे, बासची मान वाकलीय. ती सरळ करायला मी दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. शनिवारी येतेय. दुकान उघडं ठेवा.
तुमची ढमी

ता. १४ एप्रिल

चि. ढमीस,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी ये. पाटी दिसली नाही तर घाबरू नकोस, पेंटरकडे दिलीय. ‘सर्व वाद्यांची दुरुस्ती’ मधलं ‘सर्व’ पुसून ‘बास’ लिहायला सांगितलंय. मामी विचारते, अशी गिऱ्हाइकं येणार तरी किती? मी म्हटलं, एक तर शनिवारी येतंय.

दोन्ही तारा पुन्हा ऐकल्या. मला अजून सारख्याच वाटतात. पण तिसरा सूर उतरलेलाच आहे. येण्याआधी तेवढा नीट कर.
तुझा मामा