आईच्या पॉइंट्सवरचं जहाज

प्रिय सोन्या,

आधी पाकिटातला चष्मा काढ आणि नाकावर ठेव. नेहमीसारखं बायकोच्या हातात देऊन "जरा वाच गं" म्हणू नकोस, हे पत्र तुझ्या एकट्याच्या कामाचं आहे. नंबर मी अंदाजाने घातलाय, पण सव्वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरणाऱ्या बाईचा अंदाज सहसा चुकत नाही. हॉटेलात मेन्यूकार्ड तू किती लांब धरतोस ते मी दोन वर्षं बघतेय. तुझे हात आणखी वीतभर लांब असते तर तुला चष्मा लागलाच नसता. फ्रेम हलकी आहे, चेहऱ्यावर म्हातारपण आल्यासारखं वाटणार नाही. पैसे नकोत, ताईकडून भेट समज.

आम्ही दोघी मजेत आहोत. हे पत्र मी तळ्याकाठी, आपल्या नेहमीच्या खोलीच्या गॅलरीत बसून लिहितेय. आई शेजारी बाबांच्या वेताच्या खुर्चीत बसली आहे, पायांवर शाल आणि मांडीवर बिस्किटांचा पुडा. क्लबचे पॉइंट्स तर सगळे संपवले होते, मग या दोघी तिथे पोचल्या कशा, असं तुझ्या मनात आलंच असेल. सांगते, सगळं ओळीने सांगते. तुला घाई असते हे माहीत आहे, पण यावेळी जरा बस.

बाबांनी या सुट्टीच्या क्लबची सभासदी घेतली तेव्हा तू परगावी शिकत होतास, म्हणून तुला ती गंमत ठाऊक नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये तासभर बसलं की निळी प्रवासी बॅग फुकट, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. बाबा गेले, तासाचे तीन तास झाले आणि ते परत आले ते बॅग आणि तेहतीस वर्षांचा करार घेऊन. दरवर्षी ठरावीक पॉइंट्स मिळणार, त्यात तळ्यावर एक आठवडा राहायचं आणि देखभालीचं शुल्क मात्र दरवर्षी वेगळं भरायचं. आई आठ दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. मग पहिल्या वर्षी इथे आली, या गॅलरीत बसली आणि सगळा राग विरघळला. बाबा सकाळी बदकं मोजायचे आणि रोज वेगळा आकडा सांगायचे, आई रोज त्यांना खोटं पाडायची. आयुष्यभर दोघांना भांडायला एवढी निवांत जागा दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

त्यांच्या आजारपणाची तीन वर्षं कुणीच आलं नाही. ते पॉइंट्स साठत गेले. आई म्हणायची, राहू देत, हे बरे झाले की सलग तीन आठवडे जाऊन राहू. बाबा काही बरे झाले नाहीत. ते गेल्यावर सभासदी आईच्या नावावर आली आणि मी तिला दरवर्षी आणत राहिले, पण त्या तीन वर्षांच्या पॉइंट्सना तिने कधी हात लावू दिला नाही. शुल्क माझ्या दुकानातून जात होतं. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. त्याचा मला खरंच राग नाही. माझा राग कशाचा आहे ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी तू जेवता जेवता जाहीर केलंस, आईच्या पंचाहत्तरीला आपण सगळे जहाजाने जायचं. तुम्ही दोघं, मुलं, तुझे सासू-सासरे, आई आणि मी. आठ माणसं, चार खोल्या. मला आनंद झाला होता, सोन्या. मी तुला एवढंच म्हटलं की जहाज रोखीने घेऊ, मी माझा आणि आईचा वाटा देते. तपासणीच्या पॅडच्या मागे मी तुला मांडून दाखवलं होतं. पॉइंट्स तळ्यावर वापरले तर पुरेपूर वसूल होतात, जहाजावर वापरले की त्यांची किंमत अर्ध्याहून खाली येते. चार खोल्यांसाठी साठवलेली तीन वर्षं, चालू वर्ष आणि पुढच्या दोन वर्षांची उचल, अशी एकूण सहा वर्षं जाणार होती. रोखीने तेच जहाज अडीच वर्षांच्या शुल्काएवढ्यात पडत होतं. तू हसलास आणि म्हणालास, "ताई, रोख म्हणजे खिशातून जातं. पॉइंट्स काय, हवेतले." तुझ्या खिशातून जाणार नव्हतं, हे खरं आहे. आईकडे पाहिलं तर ती मान डोलावत होती. बाबांची तीन वर्षं तिने कुणालाही दिली नसती, पण सगळे एकत्र जाणार म्हटल्यावर तिने ती तुझ्या पदरात टाकली. मी पॅड मिटलं.

मग तो सह्यांचा दिवस. सत्तरीपुढच्या सभासदाला जहाजाचं बुकिंग करायचं तर सोबत सहसभासद लागतो, असं क्लबवाल्यांनी कळवलं. मी म्हटलं, माझं नाव घाल. तू म्हणालास, तू कशाला त्या भानगडीत पडतेस, मी आहे ना. माझ्याच काउंटरवर उभं राहून तू चार कागदांवर सह्या ठोकल्यास. कागद हातभर लांब धरून डोळे बारीक केलेस आणि मला विचारलंस, "तू वाचलंयस ना? मग झालं तर." मी हो म्हटलं, आणि ते खरंच होतं. नियमांची ती पुस्तिका माझ्याइतकी जगात कुणीच वाचली नसेल. त्यातलं अक्षर इतकं मुंगीएवढं आहे की नऊ वर्षांपूर्वी मी तिची मधली पानं फाडून पुठ्ठ्यावर चिकटवली. जवळचं दिसतं का हे तपासायला मी गिऱ्हाइकाला तेच वाचायला देते. तू या पुठ्ठ्यावरून माझी किती टर उडवलीस. पण सही घेताना माझ्या मनात काहीही नव्हतं, अगदी आईशप्पथ.

आईची तयारी तू पाहिली नाहीस. डेक ओला असतो असं कुणीतरी सांगितलं म्हणून तिने रबरी तळव्यांचे पांढरे बूट आणले आणि घसरू नये म्हणून रोज जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायची. बाबांची ती निळी बॅग पंधरा दिवस आधी भरून ठेवली. शेजारणीला, दूधवाल्याला, माझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना, सगळ्यांना सांगून झालं की मुलगा बोटीवर नेतोय. आणि आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन. आईचा गुडघा बघता तिला झेपणार नाही, डॉक्टरांशी बोललो, आणि ताई, तू तिच्याजवळ राहिलेली बरी. मी आपल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांना तू फोनच केला नव्हतास. आमच्या खोलीत तुझे साहेब आणि साहेबीणबाई गेले, हे मला तुझ्या मुलीकडून कळलं, तेही तिने आत्याला भोळेपणाने सांगितलं म्हणून. नावं बदलायला सहसभासदाची एक सही पुरते, ती तू आठवडाभर आधीच करून बसला होतास. आई तेव्हा सोफ्यावर बसली होती, पायात नवे बूट. तिने एवढंच विचारलं की सोन्याला सुट्टी मिळाली ना. मग वाकून बूट काढायला लागली आणि तिला ते जमेनात, मी काढले.

तरीही मी गिळलं असतं. धाकटा आहे, बढती अडकली असेल, चुकला असेल, असं मनाला समजावणं मला जमतं, जन्मभर तेच केलंय. पण तू फोटो पाठवलास, आणि तोही आईच्या फोनवर. साहेबांचा हात तुझ्या खांद्यावर, टेबलावर केक, आणि साहेबीणबाई मेणबत्त्या विझवतायत. आईने दोन बोटांनी फोटो मोठा केला. तिची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत, तिला आता सगळं स्वच्छ दिसतं. केकवरची अक्षरं तिने मोठ्याने वाचली, 'आईला पंचाहत्तरीच्या शुभेच्छा.' केक आधीच सांगून ठेवला होता, वाया कशाला घालवायचा, असाच विचार केलास ना? आईने फोन उलटा ठेवला आणि म्हणाली की क्रीम जरा जास्तच लावलंय. त्या क्षणी मी ठरवलं की हे मी तुला परत करणार. कसं करणार ते मात्र कळत नव्हतं.

दोन महिन्यांनी आईने विचारलं, तळ्यावर कधी जायचं? मी क्लबला फोन केला. पॉइंट्स शून्य, आणि पुढची दोन वर्षंही शून्यच. शुल्क मात्र दरवर्षीप्रमाणे येत राहणार. पंचाहत्तरीच्या बाईला दोन वर्षं थांबा असं कसं सांगायचं? तळपायाची आग मस्तकात गेली, पण दुकान उघडं होतं आणि खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना नवी भिंगं लावली आणि पुठ्ठा हातात दिला. ते खणखणीत आवाजात वाचायला लागले. कलम चौदा. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झालेल्या मुख्य सभासदास, सहसभासद असल्यास, अर्ज करून निवृत्त होता येईल, आणि त्यानंतर मुदत संपेपर्यंतची सर्व शुल्कं भरण्याची जबाबदारी सहसभासदाकडे जाईल. नऊ वर्षं मी हे वाक्य ऐकत होते, पण माझं लक्ष लोक कुठे अडखळतात यावर असायचं, ते काय वाचतात यावर नाही. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या कानात शिरलं. मी त्या गृहस्थांना तेच पुन्हा वाचायला लावलं. त्यांना वाटलं, आपली नजर गेली.

आईवर मी काहीही लादलं नाही, हे नीट समजून घे. मी तिला दुकानात आणलं, त्याच खुर्चीत बसवलं आणि पुठ्ठा दिला. तिने कलम चौदा वाचलं, थांबली, परत वाचलं. विचारलं, म्हणजे हे सगळं सोन्याकडे जाईल? मी म्हटलं, हो, अजून चौदा वर्षं. ती बराच वेळ काचेच्या कपाटातल्या फ्रेम्स बघत बसली. मला वाटलं, विरघळली, तुझ्या बाबतीत ती नेहमीच विरघळते. मग तिने पेन मागितलं. म्हणाली, त्याला फिरायची हौस आहे, घेऊ दे. सही इतकी ठसठशीत केली की खालच्या कागदावर उमटली.

आणि आम्ही इथे आलो कशा, तर रोखीने. मी इथल्या काउंटरवर सरळ विचारलं की सभासद नसलेल्याला ही खोली कितीला पडते. या गर्दी नसलेल्या दिवसांत ती आपल्या वर्षाच्या शुल्कापेक्षा स्वस्त निघाली. एवढी वर्षं मीच मूर्ख होते, हेही तुला सांगून टाकते, हसून घे. आईने येताना पांढरे बूट घातले होते. आज सकाळी तिने बदकं मोजली, सतरा निघाली. मी म्हटलं चौदा आहेत, तर माझ्याशी भांडली.

आता शेवटचं, आणि याचसाठी एवढं लिहिलं. कलम चौदाला एक शेपूट आहे. निवृत्तीची बातमी सहसभासदाला लेखी पोचली पाहिजे आणि ती मिळाल्याची त्याची सही क्लबकडे गेली पाहिजे. तू अशा कागदावर सही करणार नाहीस, अशी मला भीती होती. पण आमच्या पोस्टातल्या गृहस्थांनी सोपा मार्ग सांगितला. मघाशी दारात पोस्टमनने पुढे केलेल्या पोचपावतीच्या गुलाबी कार्डावर तू सही केलीस ना? त्यावर पाकिटात काय आहे ते लिहिलं होतं, 'सभासद निवृत्तीची सूचना, कलम चौदा.' बारीक अक्षरात आहे, पण चष्मा लावला की दिसतं. परतीचा पत्ता मी क्लबचा घातला होता, त्यामुळे ते कार्ड आता तिकडे निघालंय. आईच्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. हरकत घ्यायची सोय नियमात कुठे नाही, मी शेकडो लोकांकडून वाचून घेतलंय. पहिलं शुल्क येत्या एक तारखेला आहे आणि पॉइंट्स दोन वर्षांनी सुरू होतील. तेव्हा साहेबांना जरूर घेऊन जा. आई म्हणतेय, तुझ्या वाढदिवसाचा केक आम्ही इथेच कापू, तू यायची तसदी घेऊ नकोस.

तुझीच,
ताई