नऊशे दोन पावलं

ता. ५ जानेवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

महिना झाला, तुझा कागद नाही. यानांचं बोलणं ऐकणाऱ्या तुझ्या त्या अवाढव्य तबकडीला मोबाइलचा आवाज खपत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिला पोस्टाचंही वावडं आहे का, तेवढं कळव. जेवणाची हेळसांड करतोस हे न सांगताच कळतं.

पत्राला कारण म्हणजे तिसरीचा सूर्यमालेचा धडा. गेल्या फेब्रुवारीत माझी भिंगरी गेली, तेव्हा तो माझ्याकडून शिकवून झाला नाही, दुसऱ्या बाईंनी उरकला. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी तो मलाच घ्यायला सांगितलाय. त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे नाही म्हणणं जास्तच अवघड झालं. तू भिंगरीला एक कागद पाठवला होतास. शाळेचं फाटक म्हणजे सूर्य आणि तिथून रस्त्याने किती पावलांवर कोणता ग्रह, असा. तो तिच्या पेटीत आहे आणि पेटी उघडायला माझा हात धजत नाही. ह्यांना सांगण्यात अर्थ नाही, ते अजून दर रविवारी तिच्या सायकलीत हवा भरतात. तुझ्या वहीत नक्कल असेल तर पाठव.

मुलं गोड आहेत. गुरूचा आकार वर्गातल्या सगळ्यात दांडगट मुलाएवढा असणार, यावर त्यांचं एकमत झालंय.

प्रकृतीला जप. इथे सगळे तुझी वाट बघतात, म्हणजे आम्ही दोघं.

तुझी,
ताई


ता. १६ जानेवारी

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तबकडीला पोस्टाचं वावडं नाही, पण टपालाची गाडी आठवड्यातून दोनदाच येते, त्यामुळे माझ्या आळसाला आयतं निमित्त मिळतं. जेवण वेळेवर होतं. खोटं वाटत असेल तर खोटं समज.

कागद वहीतून उतरवून सोबत जोडलाय. सूर्य म्हणून मोठ्या संत्र्यापेक्षा थोडा मोठा चेंडू घे, साधारण वीतभराहून कमी. पृथ्वी राईचा दाणा, ती तीस पावलांवर. गुरू एक गोटी, एकशे छप्पन्न पावलांवर. शनी त्याहून जरा बारकी गोटी, दोनशे शहाऐंशीवर. शेवटचा नेपच्यून म्हणजे मिरीचा दाणा, नऊशे दोन पावलांवर. राईचा दाणा हातात दिला की मुलं गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. भिंगरीसुद्धा अर्धा मिनिट गप्प होती.

यानाबद्दल विचारतील. त्यांना सांग की यानाचे डोळे म्हणजे कॅमेरे, आणि कान-तोंड दोन्ही म्हणजे त्याच्या पाठीवरची ताटली. आम्ही ज्याच्याकडे कान लावून बसतो ते यान नेपच्यूनच्या केव्हाच पुढे गेलंय. त्याच्या बोलण्याची ताकद फ्रिजमधल्या दिव्याएवढी. इथे पोचेपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही, म्हणून एवढी मोठी तबकडी. आणि जे ऐकू येतं ते त्याने कित्येक तासांपूर्वी म्हटलेलं असतं. रिकामा डबा, जुनी ताटली आणि छत्रीच्या काड्या एवढ्यात मुलांचं यान होईल.

ताई, जमेल तेवढंच कर. शनीपर्यंत गेलीस तरी धडा पुरा होतो.

भाऊजींना नमस्कार. रागाव, पण विसरू नकोस.

तुझा,
बारक्या


ता. २७ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं गणित कच्चं आहे असं म्हणायची संधी इतक्या वर्षांनी मिळाली, ती सोडत नाही. मुलांना नेण्याआधी मी एकटीने पावलं मोजून पाहिली. तुझा नेपच्यून बस डेपोच्या आत, टायर धुण्याच्या हौदावर येतो. तिथे चाळीस मुलं न्यायची म्हणजे मुख्याध्यापिकाबाई मलाच सूर्यमालेबाहेर काढतील. हात जरा आखडता घ्यायला हवा होतास.

सहाशे चव्वेचाळीसाव्या पावलाला हॉस्पिटलचं फाटक आलं. आकडा डोक्यात बसलाय, कारण तिथे मी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला गेले आणि खाली मान घालून पुढचं मोजलं. वर्षभर त्या बाजूला फिरकले नव्हते.

लिहायला बसलेच आहे तर लिहितेच, हे मी कुणाजवळ बोललेले नाही. संसर्ग नको म्हणून भिंगरीला भेटायला फक्त चार ते पाच सोडायचे. शाळा बाराला सुटायची, चारपर्यंत माझा जीव नुसता टांगलेला असायचा. मी आत गेले की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणायची, बरोबर पोचलीस. रोज तेच. त्यात तिला काय गंमत वाटायची, देव जाणे. शेवटच्या दिवशी शाळेत तपासणी होती, दप्तरं दाखवत बसले आणि मला सव्वापाच झाले. दार बंद झालेलं. काचेतून पाहिलं, तर ती झोपली होती. उठवू नका म्हणाले, मीही उद्या येते म्हटलं. पहाटे ती गेली. चाळीस जणांची हजेरी बरोबर आहे हे साहेबांना दाखवताना माझं एकच माणूस माझी वाट बघत होतं. हे काही केल्या पुसलं जात नाही, बारक्या.

मुलांना शनीपर्यंतच नेईन. तुझा आकडा तेवढा तपास.

अंगावर पांघरूण घेत जा. तुझ्याशिवाय हे वाचणारं कुणी नाही.

तुझी,
ताई


ता. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

गणित चुकलेलं नाही. चूक माझी आहे, ती वेगळी. कागदावर नुसतं पावलं असं लिहिलं आणि कुणाची ते लिहायचं राहिलं, कारण वहीत दुसऱ्या कुणाची पावलंच नव्हती. ती भिंगरीची आहेत. तिचं पाऊल अर्ध्या मीटरचं होतं, मी पट्टी लावून मोजलं होतं. तिची नऊशे दोन म्हणजे तुझी सहाशे चव्वेचाळीस.

मी रजेवर आलो होतो ना, तपासण्या चालल्या होत्या तेव्हा? तिने शाळेच्या फाटकापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत पावलं मोजली. मग मला विचारलं, तिथे ठेवलं म्हणजे मी घरापासून फार लांब जाणार का. आम्ही यंत्रातली माणसं, दोन टोकं पक्की केली की मधलं बसवतो. सूर्य शाळेत ठेवला, शेवटचा ग्रह हॉस्पिटलच्या फाटकात ठेवला आणि बाकीचे मधे बसवले. तिला म्हटलं, लांब आहे, पण सूर्याच्या घरातलीच जागा आहे. तिला ते पटलं.

आता जे सांगतो त्यासाठी मला हवं ते बोल. तिचं शेवटचं पत्र माझ्याकडे आहे. तिला पोचवून मी इथे परत आलो, तेव्हा ते टेबलावर पडलेलं होतं. त्यात तू आली नाहीस असं लिहिलंय. तेवढ्या एका वाक्याने तू कोसळशील म्हणून मी ते दडवलं. तुझं पत्र वाचल्यावर कळलं की ते वाक्य तुला आधीच पाठ आहे, आणि पुढची वाक्यं मात्र मी तुझ्यापासून लपवून ठेवली. मी भित्रा आहे, ताई. मूळ पत्रच सोबत पाठवतोय.

क्षमा कर असं लिहायचीही लाज वाटते.

तुझा,
बारक्या


(सोबतचे पत्र, पेन्सिलीने लिहिलेले)

ती. मामास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. सगळं.

मी बरी आहे. सुई आज डाव्या हाताला आहे म्हणून अक्षर चांगलं आहे. तू लिहिलं होतंस की सूर्याचा उजेड नेपच्यूनला यायला चार तास आणि वर दहा मिनिटं लागतात. आई बाराला शाळेतून निघते आणि चारला येते. म्हणून मी तिला मनातल्या मनात उजेड म्हणते. तिला सांगू नको, ती हसेल.

आज पावणेपाच झाले तरी आई आली नाही. सिस्टर म्हणाली वाईट वाटून घेऊ नको. मला नाही वाटलं. मी सिस्टरला सांगितलं की उजेड एकदा निघाला की मधेच परत फिरत नाही, तो वाटेत असतो. सिस्टरला हे माहीतच नव्हतं.

मी जागी राहणार होते पण झोप येते आहे. मी झोपले तरी ती पोचेलच.

तुझ्या यानाला माझा नमस्कार सांग. त्याला ऐकू यायला वेळ लागेल, म्हणून आत्ताच सांग.

तुझी,
भिंगरी


ता. २० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रागावले. दोन दिवस बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण आपण पत्रानेच बोलतो, त्यामुळे तुला ते कळलंही नसेल. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी उठून पेटी उघडली.

सोमवारी वर्ग नेला. सगळ्यात बुटक्या मुलीचं पाऊल पट्टी लावून मोजलं, ते अर्ध्या मीटरला एक बोट कमी भरलं. तिला पुढे ठेवलं. हे आपलं दुकान बंद करून आले होते, मुलांच्या हातातल्या दोरीचं शेवटचं टोक धरून रांगेच्या मागे चालत होते. राईच्या दाण्यापाशी मुलं गप्प झाली, तू म्हणाला होतास तशी. डब्याचं यान प्रत्येकाने आळीपाळीने उचललं. शनीपाशी मी थांबले नाही. हॉस्पिटलच्या फाटकाशी मिरी खाली ठेवली आणि उजेडाला इथे यायला किती वेळ लागतो ते सांगितलं. बुटकीने विचारलं, तोवर इथल्यांनी काय करायचं. मी म्हटलं, वाट बघायची. मी पाठ फिरवली, तर ह्यांनी मागून पावलांचे आकडे म्हणायला सुरुवात केली आणि मुलं त्यांच्यामागे ओरडू लागली.

काल तिला जाऊन वर्ष झालं. बाराला शाळा सुटली, मी फाटकातून निघाले. तुझ्या मापात उजेड मुंगीच्या चालीने जातो. तसंच जायचं ठरवलं. तीस पावलांना आठ मिनिटं लागली. शिंप्याने मशीन थांबवून, बाई, बरं नाही का, म्हणून विचारलं. इस्त्रीवाल्याने बसायला स्टूल आणून दिलं. मी बसले नाही, उजेड मधे बसत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचले. पहारेकऱ्याने कुणाला भेटायचंय असं विचारलं. मला नाव घेता येईना. भेटायची वेळ झालीच होती, त्याने पुढे काही न विचारता फाटक उघडलं.

तू सुखरूप राहा. लिहीत जा, उशिरा पोचलं तरी चालेल.

तुझी,
ताई