सत्काराची पांढरी साडी

प्रिय सबीहा,

तुझे चार फोन आले, मी एकही उचलला नाही. ऑपरेशनचं काय ठरवलं एवढंच तू विचारणार, आणि तेच मी ठरवलं नव्हतं. डॉक्टर वर्षभर सांगतायत, आतडं आता औषधांना जुमानत नाही, ते काढून तुझ्यासारखी शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागेल. आणि मी वर्षभर पुढची तारीख मागतेय.

आपली पहिली भेट आठवते? जळगावच्या दवाखान्यात मी रिपोर्टची फाइल छातीशी धरून कोपऱ्यात बसले होते. तू आलीस आणि भरल्या खोलीत मोठ्यानं विचारलंस, संडास कुठंय, मला दिवसातून पंधरा वेळा लागतो. मला तुझी इतकी लाज वाटली! अर्ध्या तासानं मीच तुझ्याकडे रस्ता विचारत आले. आजार दोघींचा एकच, कोलायटिस, आतड्यातल्या जखमांचा, पण तू तो चारचौघांत मांडलास आणि मी घरच्यांपासूनही लपवला.

रमजानमध्ये तू भरदिवसा ओट्यावर बसून पाणी प्यायलीस, तेव्हा शेजारच्या हसीनाबींनी हटकलं होतं ना? तू त्यांना रक्त, जुलाब, गोळ्या, सगळं इतकं सविस्तर सांगितलंस की बिचारीनं कानांवर हात ठेवले. दुसऱ्या दिवशी दहीभात त्यांच्याच घरून आला. तुलाही रडू येतं, मी फोनवर ऐकलंय. पण डोळे पुसून तू शिलाई मशीनवर बसतेस आणि ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून पिशवीला कव्हर शिवतेस, ड्रेसला मॅचिंग! कुठून आणतेस गं हे धाडस?

आता माझी करणी ऐक. तू रोजा धरत नाहीस हे साऱ्या गल्लीला सांगितलंस, आणि मी नसलेलं व्रत घरी सांगितलं. संध्याकाळची तिखटजाळ शेवभाजी चुकवायला मी सासूबाईंना म्हटलं, मी अष्टशील पाळते, दुपारी बारानंतर जेवत नाही; आम्हा बौद्धांचं आठ शीलांचं व्रत असतं ते. आधी पौर्णिमेपुरतं, मग पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने, मग रोजच. माझ्या नवऱ्यानं, प्रशीलनंही विश्वास ठेवला. सासूबाई धुळ्यात सगळ्यांना सांगत सुटल्या, आमची प्राची मोठी शीलवान! गेल्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळानं माझा सत्कार ठेवला.

पांढरी साडी हातात आली आणि माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील मी दोन वर्षं रोज मोडत होते. माइकवर सगळं सांगून टाकलं, संडासासकट. घरी येताच सासूबाई स्वयंपाकघरात शिरल्या. मग मऊ खिचडी पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "इतला दिन भूकी राहिनी, नि माले सांगं बी नही?" मी ताटावरच रडले. रात्री आठ वाजता, दोन वर्षांनी, पोटभर जेवले.

हे पत्र एवढ्यासाठी की मी होकार दिलाय. पुढच्या मंगळवारी जळगावलाच ऑपरेशन आहे. सोमवारी सासूबाईंना घेऊन तुझ्याकडे येते. पिशवी कशी बदलायची ते त्यांना तुझ्याकडून शिकायचंय, आणि तू काही लपवणार नाहीस याची मला खात्री आहे. येताना सत्काराची साडी आणतेय. परत देत होते, बायकांनी घेतली नाही. तिचंच कव्हर शिव माझ्या पिशवीला. पांढऱ्यावर डाग दिसेल म्हणशील. दिसू दे.

तुझ्याकडून उशिरा शिकलेली, तुझीच
प्राची