उशीचं बाळंतपण

मुक्काम मुळशी, धरणाच्या वरच्या अंगाला

तीर्थरूप तुकाआत्या हिच्या पायांवर जालिंदरचं डोकं.

इकडं मी बरा आहे, म्हणजे उभा आहे. तुझे गुडघे कसे आहेत, डाव्या डोळ्याचं पाणी थांबलं का, मेंढरं वाडीवर आली का अजून खालच्या रानातच आहेत, हे सगळं रीतीप्रमाणं विचारून झालं असं समज. खरं तर फोनवरच विचारलं असतं. पण तू सोनालीच्या हातातनं फोन घेतलास आणि "आता बोलायचं काय ऱ्हायलंय" म्हणून ठेवून दिलास, त्याला आज बारा दिवस झाले. म्हणून कागद. तुला वाचता येत नाही, तेव्हा पत्र सोनालीच वाचून दाखवणार. (सोनाली, कंसातलं तेवढं तुझ्यासाठी. ते मनातल्या मनात वाच, आणि वाचताना हसू नकोस, आत्या लगेच ओळखते.)

वाद कशाचा ते तुला माहीत, मला माहीत आणि आता सगळ्या वाडीला माहीत. माझ्या बायकोला, सोनालीला, नववा लागला. सोनोग्राफीत पोर डोकं वर करून मांडी घातल्यासारखं बसलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखान्यातच या, ऑपरेशन करावं लागेल. तू म्हणालीस, जालिंदर पण पायांनीच आला होता, मीच काढला, ह्याच बाजेवर. माझी सून कुठं जाणार नाही, आणि गेली तर तिच्यामागं मी जाणार नाही. त्यावर मी तुला अडाणी म्हणालो. तो शब्द मागं घेतो. बाकी त्या विषयावर ह्या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. मी फक्त माझ्या नोकरीची खुशाली कळवतो.

तर नोकरी. मी एका जागी टिकत नाही असं तू म्हणतेस ते खरं आहे. लवळ्याला हॉस्टेलवर वॉचमन होतो, तिथं पोरांनीच माझ्यावर नजर ठेवली. भूगावला साइटवर गेलो, तर तिसऱ्या मजल्यावर चढलं की मला फिरतं. आता चार महिने झाले मुळशीत, 'मायकूस' नावाच्या जागी. नाव ऐकून मला वाटलं दवाखाना असेल. तसं नाही. ही सहलीची जागा आहे. पुण्याच्या, बंगळूरच्या बाया, एकदोन परदेशातल्या पण, हितं सहा दिवस येऊन राहतात, जमिनीवर झोपतात, भाकरी खातात आणि जुन्या काळी सुइणी बाळंतपण कसं करायच्या ते शिकतात. आत्या, हसू नकोस. तू जे काम करून हात धुऊन मुकाट घरी येतेस आणि चहा मागतेस, ते शिकायला ह्या बाया विमानानं येतात. शुभांगी मॅडम म्हणून मालकीण आहेत, सूसवरनं रोज स्वतः गाडी चालवत येतात, माणूस चांगलं आहे पण फार भारावलेलं असतं. माझं काम म्हणजे पाणी भरायचं, नऊ शेळ्या बघायच्या, गाड्या पुसायच्या, आणि रंभाबाई जे बोलतात ते मॅडमना सोप्या मराठीत सांगायचं. मग मॅडम ते इंग्रजीत सांगतात.

रंभाबाई म्हणजे हितल्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरची म्हातारी सुईण, आपल्यातलीच. वय तिलाच माहीत नाही. गेली पंधरा वर्षं तिनं एकही बाळंतपण केलेलं नाही, कारण आता वाड्याच्या खालीच गाडी येते आणि बाया दवाखान्यात जातात. तिला कशाचं अप्रूप नाही. पहिल्याच दिवशी एका बाईनं हात जोडून विचारलं, बाळ हातात येतं त्या क्षणी आजींना आतून काय जाणवतं. रंभाबाई म्हणाली, "भूक लागल्याली असती." हे मी तसंच मॅडमना सांगितलं. मॅडमनी इंग्रजीत जे सांगितलं ते बरंच लांब होतं, आणि सगळ्यांनी डोळे मिटून घेतले.

त्यात मी एक घोळ केला. बोलता बोलता मॅडमना सांगून बसलो की मी पायाळू आहे. आपल्याकडं कुणाची कंबर धरली तर पायाळूनं पाठीला पाय लावायचा, वर्षातनं चार वेळा, आणि तेवढ्यावर माणूस चहा पाजतो. हितं फळ्यावर वेळ लागली. रोज सकाळी सात ते आठ, जालिंदरचा पाय. ह्या बाया दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या, त्यामुळं प्रत्येकीची कंबर धरलेली. रांगच लागते. जर्मनीच्या एका बाईनं तर पाय लावून झाल्यावर माझ्या पायाला वाकून नमस्कार केला. तेव्हापासून मी टाचा दगडानं घासतो, कारण लाज वाटते. (सोनाली, पाय फक्त पाठीला लागतो, मधे गोधडी असते.)

आता ह्या खेपेच्या चौथ्या दिवसाचं ऐक. मॅडमना वाटलं की सगळं तोंडीच चाललंय, प्रत्यक्ष काहीतरी दाखवलं पाहिजे. मला म्हणाल्या, "जालिंदर, जवळपास एखादी गरोदर बाई बघ ना, नुसतं येऊन बसायचं." मी तीन गावं फिरलो. परका गडी दारोदार जाऊन घरात कुणी पोटुशी आहे का विचारतो, हे लोकांना कसं वाटत असेल ते मला तिसऱ्या गावात कळलं. रत्नाबाई नावाच्या एका सासूनं मला ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि चहा संपेपर्यंत आतनं तिघं गडी बोलावले. परत आलो ते शेताशेतानं. मग मॅडमनी माझ्याकडं बघितलं, आणि मी काय ते समजलो.

आत्या, मी बाजेवर आडवा झालो. अंगावर मॅडमचं नऊवारी, पोटावर उशी बांधलेली, भोवती अकरा बाया वह्या घेऊन. मला वाटलं रंभाबाई दोन मिनिटं दाखवेल आणि सोडेल. पण तिला खोटं करताच येत नाही. तिनं हाताला तेल घेतलं, उशी चारी बाजूंनी चाचपली आणि म्हणाली, "ह्ये आडवं हाय." अकरा बायांनी श्वास धरला. खरं सांगतो, मला पण घाम फुटला. मग म्हणाली, "कळ दे." मी दिली. म्हणाली, "ही कळ न्हाई, ह्यो मुरडा हाय. पुन्ना दे." अशा मी अर्धा तास कळा दिल्या, आणि दर कळेला ती मला हिणवत होती. "गडी म्हनून गडी, त्यात रडका. तुझ्या बायकूनं कसं निभावायचं रं." शेवटी हात पुसून तिनं निकाल दिला, "अडलीय. घरातलं बंद आसंल तेवढं समदं उघडा."

ही रीत तुला माहीतच आहे. बाई अडली की कुलपं काढायची, झाकणं काढायची, गाठी सोडायच्या, केस मोकळे करायचे, म्हणजे तिची पण वाट मोकळी होते. आपल्या घरात उघडायला असतं काय, एक ट्रंक, दोन डबे आणि तुझा बुचडा. हितं अकरा बाया वह्या टाकून चारी दिशांना पळाल्या. त्यांना चार दिवसांत पहिल्यांदाच हाताला काम मिळालं होतं. त्यांनी कपाटं उघडली, पिठाचे डबे उघडले, गाड्यांच्या डिक्या उघडल्या, सगळ्या बॅगांच्या चेनी उघडल्या. एकीनं पाण्याच्या टाकीचा खालचा कॉक उघडला. एकीनं रस्त्यावरचं मोठं फाटक. आणि जर्मनीच्या बाईनं गोठा. मी बाजेवरनं ओरडतोय, शेळ्या नको, शेळ्या नको, तर मॅडम सगळ्यांना सांगताहेत की बघा, आता खरी कळ आली.

पाव तासात टाकी कोरडी झाली. शेळ्यांनी औषधी वनस्पतींचा वाफा मुळापर्यंत खाल्ला, ज्याची पाटी मी स्वतः रंगवली होती. एका शेळीनं माहितीपत्रकं खाल्ली. आणि काळी शेळी, जिचे दिवस भरले होते, ती दोन गाड्यांच्या मधे जाऊन आडवी झाली आणि तिला खरंच कळा सुरू झाल्या. आत्या, एक पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला, आणि डोकं अडलेलं. मी उशीसकट पळालो. तेल हाताला होतंच. पिल्लू थोडं मागं सारलं, गुडघा सापडला, पाय सरळ केला आणि तिची कळ येईपर्यंत थांबलो. हे सगळं तूच शिकवलेलं, मेंढरांवर. पिल्लू आलं पण श्वास घेईना. मॅडमच्या पदरानं नाक पुसलं, मागचे पाय धरून दोनदा झोका दिला, तेव्हा शिंकलं. अकरा बाया रडायला लागल्या. आता नव्या माहितीपत्रकावर माझा फोटो आहे, नऊवारीत, पोट सुटलेलं, हातात करडू. (हा फोटो वाडीत कुणाच्या फोनवर आला तर तो मी नव्हे.)

सगळं पांगल्यावर मी आणि रंभाबाई ओट्यावर बसलो. टाकीत पाणी नव्हतं म्हणून बाटलीतलं विकतचं पाणी घेऊन हात धुतले. मी इतका थकलो होतो की तोंडातनं आपसूक निघून गेलं, की माझ्या बायकोचं पोर बसलेलं आहे आणि आत्या म्हणते घरीच करू.

"आत्याचा हात कसा हाय?" तिनं विचारलं.

"लई चांगला. मला तिनंच काढला, पायांनी."

"मग झालं तर."

बराच वेळ ती नखातलं तेल काढत बसली. मग म्हणाली, "माजा बी चांगला व्हता. दोनशाच्या वर केली. बसल्याली बी काढली, धा-बारा. एक न्हाई निगालं. अंग आलं आन् डोस्कं ऱ्हायलं. ती बी गेली, प्वार बी गेलं. गोजरा नाव तिचं. त्या दोनशातल्या कुनाचं नाव इचार मला, येक सांगता याचं न्हाई."

मी बाटलीतलं उरलेलं पाणी तिच्या हातावर ओतलं. तीच पुढं म्हणाली, "तवा गाडी न्हवती रं. आता खाली उबी असती." आणि उठता उठता म्हणाली, "पर तिला येकली नगं धाडू. बाया कळ सोसायच्या त्या माझ्या तोंडाकडं बगून. भिताडाकडं बगून कोन सोसंल."

मी त्या विषयावर लिहिणार नाही म्हटलं होतं, आणि लिहिलेलं नाही. हे रंभाबाईचं बोलणं आहे, मी नुसतं पोचवलं. तेच माझं काम आहे. मोठ्यांना नमस्कार, मेंढरांवर लक्ष असू दे.

तुझा,
जालिंदर

ता. क. मॅडम म्हणतात, तुझ्या आत्यांना पण शिकवायला बोलाव. मी सांगितलं की आत्या येणार नाही, आणि आलीच तर तुमच्यातल्या निम्म्याजणी पहिल्याच दिवशी परत जातील.

आणखी एक ता. क. गुरुवारी सकाळी नऊला दवाखान्याची गाडी वाडीच्या फाट्यावर येणार आहे. मी फोन करून विचारलं, आत बाईजवळ कुणी बसलं तर चालेल का. सिस्टर म्हणाल्या, दारापर्यंत एक बाईमाणूस चालेल, ऑपरेशन झाल्यावर जवळ पण बसू देऊ, नाव सांगा. मी तुझं नाव दिलं. त्यांनी विचारलं, पेशंटच्या कोण. मी म्हटलं, सुईण. त्यांनी तसंच लिहून घेतलं. तू नाही म्हणालीस तर ते खोटं होईल.

शेवटचा ता. क. हे पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. हा शेवटचा कागद स्वारगेटहून दहिवडीच्या गाडीत बसून लिहितोय, म्हणून अक्षर असं हललेलं. तुझ्यासमोर उभं राहून ह्यातला एक शब्द मला बोलता आला नसता. म्हणून तू हे ऐकतेस तोवर सोनालीच्या हातात कागद देऊन मी बाहेर आलोय आणि मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, वाघरीपाशी उभा आहे. वाचून झालं असेल तर हाक मार. नाही मारलीस तरी गुरुवारी नऊ वाजेपर्यंत मी हितनं हलणार नाही.